गुरुजींनी गाळलेलं वाक्य

चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत, भर दुपारी, जोतिबाच्या डोंगरावर वह्या तपासत बसणारा माणूस एकच असणार, आणि तो म्हणजे आकाराम गुरुजी. खाली गल्लीतून देवाच्या मानाच्या उंच सासनकाठ्या नाचत देवळाकडं चालल्या होत्या. हलग्या कडाडत होत्या, गुलालाच्या मुठींवर मुठी उधळल्या जात होत्या. गुरुजींनी माडीची खिडकी लावून घेतली होती आणि फटीत जुनं धोतर कोंबलं होतं. तरी गुलाल आत यायचा तो आलाच होता. वहीच्या पानावर बोट ठेवलं की गुलाबी ठसा उमटत होता.

गुरुजींना शाळेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण शाळा काही त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. रोज संध्याकाळी त्यांच्या सोप्यात अठरा पोरं जमत. पैसा नाही, घंटा नाही. या आठवड्यात त्यांनी निबंध दिला होता, ‘माझ्या गावचं एक झाड’. पहिलीच वही राजनंदिनीची होती. शालूबाईची नात, वय वर्षं नऊ, अक्षर मोत्यासारखं. गुरुजींनी चष्मा पुसला आणि लाल पेन उघडलं.

“माझ्या गावचं झाड दवणा आहे. ते लहान आहे पण त्याचा वास मोठा आहे. देवाला दवणा आवडतो. आमचं दवण्याचं वावर पाण्याच्या टाकीच्या खाली आहे. मला दम लागला की मी तिथे जाऊन बसते. गुरुजींनी सांगितलं की दवण्यात दम्यावरचं औषध सापडलं आहे. छातीतल्या नळ्यांची सूज दवणा उतरवतो. आज्जी मला रोज सकाळी दवण्याची पूड काकवीतून देते. आता मी पंप घेत नाही. पाडव्याला आम्ही दोन्ही पंप नारळाबरोबर देवाला वाहिले. मला काही झालं नाही. म्हणून दवणा हे माझं आवडतं झाड आहे.”

सवयीनं गुरुजींनी ‘आवडतं’वरचं विसरलेलं टिंब दिलं. शेवटी छान म्हणून शेराही लिहायला घेतला. ‘छा’ लिहून झाला आणि पेन थांबलं. त्यांनी तो निबंध पुन्हा वाचला. मग तिसऱ्यांदा, एकेका शब्दावर बोट ठेवत वाचला.

दोन्ही पंप. पाडव्याला. म्हणजे आज पंधरा दिवस.

राजनंदिनीला दमा होता, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. तिची आई मोना कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात काम करायची, महिन्यातून एकदा डोंगरावर यायची. मुलीला गुरुजींच्या सोप्यात बसवलं त्या दिवशीच मोनानं त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं, आणि गुरुजींनी ते रोजनिशीत उतरवून ठेवलं होतं. केशरी पंप रोजचा, सकाळ-संध्याकाळ. तो सूज वाढू देत नाही. निळा पंप अडचणीचा. दम कोंडला की तो आवळलेल्या नळ्या सैल करतो. आणि एक गोष्ट तिनं दोनदा सांगितली होती. “गुरुजी, केशरी बंद केला तर लगेच काय दिसत न्हाय बघा. पोरगी आठ-पंधरा दिवस हुंदडत असती. सूज आतल्या आत चढत असती. आन मग एक दिवस थोडा धूर, थोडी धूळ, आणि संपलं.”

“मला काही झालं नाही,” असं पोरीनं लिहिलं होतं. आणि बाहेर गल्लीत गुलाल उडत होता. थोडा नव्हे, पोत्यांनी.

गुरुजी उठले. मोनाला फोन लावला. यात्रेच्या दिवशी डोंगरावर फोन लागणं म्हणजे देव पावण्यासारखंच. एकदा वाजला आणि तुटला. पुन्हा लागलाच नाही. त्यांनी पाण्याची बाटली पिशवीत टाकली, तोंडाला उपरणं गुंडाळलं आणि जिना उतरले. उतरताना त्यांच्या मनात एकच वाक्य घुमत होतं, आणि ते दुसऱ्या कुणाचं नव्हतं. त्यांचं स्वतःचं होतं.

महिन्यापूर्वीची गोष्ट. सदफ डोंगरावर आली होती. खालच्या गावातल्या नबीलाल शिंप्याची ही मुलगी लहानपणी याच सोप्यात बसून पाढे शिकली होती, आणि आता कोल्हापुरात एका प्रयोगशाळेत वनस्पतींवर संशोधन करत होती. तिला ताजा दवणा हवा होता. शालूबाईच्या वावरातून तिनं दोन जुड्या काढून घेतल्या आणि चहा प्यायला गुरुजींकडं टेकली.

“गुरुजी, आमी छातीतल्या नळ्यांच्या आतल्या पेशी काचेच्या ताटलीत वाढवतो,” ती सांगत होती. “त्यास्नी मुद्दाम सुजवायचं. मग दवण्यातलं एकेक द्रव्य वेगळं काढून त्यावर टाकून बघायचं. एका द्रव्यानं सूज जराशी कमी आल्यागत वाटती.”

“म्हंजे औषध गावलं की गं.”

“न्हाय वं गुरुजी. ताटलीत गावलंय. ताटलीला ना छाती, ना पोट, ना काळीज. शंभर द्रव्यं ताटलीत चांगली दिसत्यात, माणसापर्यंत एखादं पोचतंय, तेबी वर्षानुवर्षं तपासून. अडुळशावरनं खोकल्याचं औषध झालं, चहाच्या पानात सापडणाऱ्या द्रव्याचं दम्यावर झालं, खरं हाय. पर तसंच पान खाऊन न्हवं. आणि एक सांगती, दवण्याच्या जातीतल्या झाडांचा फुलोरा नाजूक छातीच्या माणसाला उलटा बाधू शकतो. फुललेल्या वावरात अशांनी न गेलेलंच बरं.”

गुरुजींनी सगळं ऐकलं. सगळं समजलं. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी अठरा पोरांना त्यावर फार सुंदर धडा दिला. उसाचा रस प्यायची जाड नळी आणली. तिच्यात आतून ओल्या मातीचं कडं लावलं आणि एकेकाला तिच्यातून श्वास घ्यायला लावला. “हे बघा, ही नळी, ही सूज. आता जाईल का वारा?” पोरं फूं-फूं करून हसत होती. राजनंदिनी मात्र हसत नव्हती. ती नळीकडं असं बघत होती की जणू कुणीतरी तिचं गुपित फळ्यावर लिहिलं आहे. तिचा तो चेहरा गुरुजींना बघवला नाही. आयुष्यभर त्यांचा एक नेम होता: लहान पोरांना सांगताना फाटे फोडायचे नाहीत, एक गोष्ट, एक वाक्य, सरळ. त्यांनी मातीचं कडं काढून टाकलं, नळी मोकळी केली आणि म्हणाले, “बाळांनो, आपल्या दवण्यात दम्यावरचं औषध सापडलंय.”

पोरीचा चेहरा असा उजळला की काय सांगावं. ताटलीचं वाक्य राहिलं. फुलोऱ्याचंही राहिलं. उद्या सांगू, असंही त्यांच्या मनात आलं नव्हतं. खरं तर त्या चेहऱ्यासाठी त्यांनी ते गाळलंच होतं.

गल्लीच्या तोंडाशी आले आणि गर्दीनं त्यांना उचललंच. पुढं जायचं तर काठीबरोबर नाचत जायचं, नाहीतर भिंतीला चिकटून उभं राहायचं. दुसरा मार्ग नव्हता. कुणीतरी “चांगभलं” म्हणत मूठभर गुलाल त्यांच्या डोक्यावर रिकामा केला. उपरण्यातून तो नाकात गेला, घशात गेला. गुरुजींना ठसका लागला आणि डोळ्यांतून पाणी आलं. आपली धडधाकट छाती ही, बिडीचासुद्धा कधी स्पर्श नाही, आणि तिची ही दशा. मग राजनंदिनीच्या त्या आतून माती लिंपलेल्या नळ्यांचं काय होत असेल? तो विचार आला आणि ते कोपरानं वाट काढत पुढं घुसले.

शालूबाईचं दुकान चौकात होतं. गुलालाची परात, खोबऱ्याच्या वाट्या, दवण्याच्या जुड्या, आणि या सगळ्यामागं तोंडाला रुमाल बांधलेली शालूबाई.

“या गुरुजी. आज मास्तर बी लाल झालं म्हणायचं.”

“शालूबाई, नंदू कुठं हाय?”

“हितंच हुती की मगाशी. पाटणच्या बायका उतरल्यात घरी, त्यांच्यासंगं काठ्या बघाय गेली आसंल.”

“खोकत हुती का?”

“काल रातच्याला जरा खोकली. गुलालाचा खोकला त्यो, यात्रेत समदंच खोकतंय. तुमी काय कमी खोकताय व्हय?” तिनं एका गिऱ्हाईकाला खोबरं मोजून दिलं. “तुमच्या औषधानं पोरीला लई गुण आला बघा. पंधरा दिस पंपाला शिवली न्हाय. माझ्या सुनंला अजून सांगितलं न्हाय, आज आली म्हंजे तोंडात बोट घालंल.”

“पंप खरंच देवाला दिले?”

“मग. ज्या देवाचा दवणा त्याच देवाला पंप. आमच्यात नवस फेडताना वस्तू परत घरात ठेवत न्हाईत. नारळासंगं ताटात ठेवलं, गुरवानं उचललं. फिटंफाट.”

गुरुजींनी परातीच्या कडेला हात टेकला. “शालूबाई, मी आर्धंच सांगितलं.”

“काय?”

“ते औषध न्हवं. अजून न्हाय झालेलं. काचेच्या ताटलीत जरा बरं दिसलंय, माणसाला कुणी दिलेलं न्हाय. मला सदफनं बजावलं हुतं आणि मी पोरांना सांगितलं न्हाय. पोरीच्या छातीत पंधरा दिवसांची सूज हाय आणि ती या गुलालात फिरतीया.”

शालूबाईचा हात गुलालात तसाच राहिला. तिच्या डोळ्यांतलं हसू ओसरायला थोडा वेळ लागला, कारण गुरुजी चुकले असं तिनं कधी ऐकलंच नव्हतं. मग तिनं परातीवर पोतं टाकलं आणि गिऱ्हाईकाच्या हातातलं नारळाचं ताट काढून घेतलं.

“अगं मावशी, माझा नारळ.”

“बाजूला व्हा पावणं. दुकान बंद हाय.” आणि गुरुजींकडं वळून, “मी देवळाकडं बघती. तुमी कुणीकडं?”

“पंप आणतो आधी.”

देवळाच्या खालच्या अंगाला सरकारी आरोग्य पथकाचा तंबू होता. चक्कर आलेले, काठीचा मार लागलेले, डोळ्यांत गुलाल गेलेले लोक ओळीनं बसले होते. टेबलापाशी एक सिस्टर होती. गुरुजींनी भराभर सांगितलं.

“ओठ निळे पडलेत का?” तिनं विचारलं.

“मला पोरगीच अजून दिसली न्हाय, बाई.”

सिस्टरनं पेटीतून निळा पंप काढला, हलवला, हवेत एकदा दाबून बघितला आणि त्यांच्या हातात दिला. “सापडली की ताठ बसवा, आडवी करू नका. एक दाब, चार-पाच श्वास. परत एक दाब. असे चार. मग चार मिनिटं थांबा, फरक नसेल तर परत चार. आणि कुणाला तरी इकडं पळवा, आम्ही येतो. बोलता येत नसेल तर क्षणभरही वाट बघू नका.”

पंप मुठीत धरून गुरुजी तंबूबाहेर आले आणि थांबले. जायचं कुठं? समोर लाखभर माणूस, सगळी एकाच रंगाची. केस गुलाबी, कपडे गुलाबी, चेहरे गुलाबी. त्यात नऊ वर्षांची एक पोर कशी ओळखायची? शिवाय ती हाक मारणार नाही. दम कोंडलेलं लेकरू ओरडत नाही. ते गप्प होतं, कोपरा शोधतं. वर्गात खोकला आला की ती तोंडावर दप्तर धरायची, कुणाला दिसू नये म्हणून.

कोपरा शोधतं. आणि एकदम तो निबंध त्यांच्या डोळ्यांपुढं आला, मोत्यासारख्या अक्षरात. ‘मला दम लागला की मी तिथे जाऊन बसते.’

वावर. टाकीखालचं. तिथला अर्धा दवणा कापून दुकानात आला होता. उरलेला अर्धा शालूबाईनं बियाण्यासाठी ठेवला होता. म्हणजे तो आता फुलोऱ्यात असणार. सदफनं बजावलं होतं तोच फुलोरा. पोरगी काठ्या बघायला गेलीच नव्हती. ती औषधाकडं गेली होती. गुरुजींनी सांगितलेल्या.

सत्तर वर्षांचा माणूस, गुडघ्यात दुखणं, पण गर्दीच्या उलट दिशेनं ते कसे बाहेर पडले ते त्यांनाही कळलं नाही. देवळामागची पायवाट उताराची होती. हळूहळू हलग्यांचा आवाज मागं पडला. आता त्यांना स्वतःचाच श्वास ऐकू येऊ लागला, आणि त्या शांततेची त्यांना गर्दीपेक्षा जास्त भीती वाटली. टाकी आली. टाकीच्या नळावर एक म्हातारा भाविक डोकं धूत होता. त्याच्या पायाखालून गुलाबी पाणी वाहत होतं. तिथंच दवण्याचा वास आला, गोड, दाट, घशाशी बसणारा. एरवी त्या वासानं गुरुजींना देवळात गेल्यासारखं वाटायचं.

वावराच्या मधोमध, बारीक पिवळ्या फुलांत, ती बसली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, पुढं वाकलेली, खांदे कानांपर्यंत चढलेले. प्रत्येक श्वासाला गळ्याच्या खळीत खड्डा पडत होता. तोंडात हिरवा चोथा होता आणि मुठीत आणखी एक फांदी.

“नंदू.”

तिनं मान वर केली. बोलायचं होतं तिला. वर्गात करायची तसं तिनं एक बोट वर केलं.

“मी... खाल्ला,” ती म्हणाली. मग बराच वेळ नुसतीच छाती हलली. “लई... खाल्ला.”

गुरुजींनी कान लावला. छातीतली शिट्टी ऐकू येत नव्हती. मोना म्हणाली होती, शिट्टी वाजती तवर वारा जातोय म्हणायचं, गुरुजी. शिट्टी बंद झाली आणि पोरगी तशीच धापत असली तर मग घाबरायचं. गुरुजींनी तिच्या तोंडातला चोथा बोटानं काढला, तिला उचललं आणि फुलांतून बाहेर, टाकीच्या सावलीत बांधावर आणून ताठ बसवलं. केवढी हलकी होती. मग ते ओरडले, आयुष्यात वर्गातसुद्धा ओरडले नव्हते इतकं.

“ओ पावणं. तसंच पळत जावा. देवळाच्या खाली दवाखान्याचा तंबू हाय, म्हणावं पोरगी टाकीपाशी हाय, बोलत न्हाय.”

म्हाताऱ्यानं एकदा पोरीकडं बघितलं, धोतराचा सोगा खोचला आणि ओल्या डोक्यानं पळाला.

पंप नुसता तोंडात धरून दाबला तर या अवस्थेतल्या पोरीला तो ओढता येणार नाही, हे गुरुजींच्या रोजनिशीत लिहिलेलं होतं. बाटली लागते. बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडायचं, पंप तिथं बसवायचा, आणि बाटलीचं तोंड पोरीच्या तोंडात द्यायचं. औषध बाटलीत थांबतं, पोरगी जमेल तसं ओढते. गुरुजींनी पिशवीतली बाटली काढली, पाणी ओतून दिलं. बांधात कापणीचा विळा खोचलेला होता. त्यांनी तो उपसला. घाईत पहिल्यांदा टोक घसरलं आणि अंगठ्यात शिरलं. दुसऱ्यांदा भोक पडलं. रक्तानं निसरडा झालेला पंप त्यांनी हलवला, बसवला.

“ओठ घट्ट मिट बाळ, बाटलीवर. मी मोजतो. फक्त मोजण्याकडं ध्यान दे.”

एक दाब. बाटलीत पांढरं धुकं पसरलं. एक. दोन. तिसऱ्या श्वासाला तिचे डोळे फिरल्यासारखे झाले आणि गुरुजींचं मोजणं अडखळलं. तीन. चार. पुन्हा दाब. तिचे ओठ जांभळ खाल्ल्यासारखे दिसत होते. ते गुलालामुळं, असं ते स्वतःला सांगत होते आणि त्यांना ते पटत नव्हतं. तिसरा दाब. चौथा.

आता चार मिनिटं थांबायचं. घड्याळ माडीवर राहिलं होतं. चार मिनिटं म्हणजे किती? वर्गात सतराचा पाढा संथपणे चारदा म्हटला की साधारण चार मिनिटं होतात, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं. सतराचा पाढा हा तिचा शत्रू होता. महिनाभर ती तो घोकत होती. गुरुजींनी तिची पाठ हातानं धरून ठेवली आणि म्हणायला सुरुवात केली. सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. म्हणता म्हणता ते तिच्या गळ्याच्या खळीकडं बघत होते. खड्डा पडतच होता. पाढा एकदा झाला. दोनदा झाला. वाटेवर कुणीच दिसत नव्हतं. आपण एका वाक्यानं हे लेकरू मारलं, असं त्यांच्या मनात अगदी स्पष्ट, स्वच्छ अक्षरात उमटलं.

तिसऱ्या खेपेला बारीक आवाज आला. दाराच्या फटीतून वारा यावा तसा. शिट्टी. एरवी त्या आवाजानं काळजाचं पाणी झालं असतं. आज गुरुजींनी तो देवाची घंटा ऐकावी तसा ऐकला. वारा जात होता. थोडासा, चोरासारखा, पण जात होता. पाढा चौथ्यांदा पुरा करून त्यांनी आणखी चार दाब दिले आणि पुन्हा पाढा धरला, कारण थांबायची त्यांना भीती वाटत होती.

“सतरा पाचे पंच्याऐंशी. सतरा सक...” आणि त्यांची मतीच गुंग झाली. पन्नास वर्षं शिकवलेला पाढा, आणि पुढचा आकडा येईना. “सतरा सक ब्याण्णव,” ते काहीतरी बोलून गेले.

बाटलीवरचे ओठ सुटले.

“एकशे दोन,” राजनंदिनी म्हणाली. एका श्वासात.

गुरुजींनी मान हलवली, बरोबर म्हणून.

वाटेवर सिस्टर आणि दोन स्वयंसेवक धावत येताना दिसले, पुढं तो ओल्या डोक्याचा म्हातारा.

तंबूत तिच्या नाकातोंडावर वाफेचा मुखवटा बसवला. डॉक्टरांनी छाती तपासली आणि सांगितलं की धोका टळलाय असं अजून म्हणू नका, रस्ता मोकळा झाला की रुग्णवाहिका कोल्हापूरला नेईल, रात्रभर नजरेखाली ठेवावं लागेल. शालूबाई खाटेच्या पायथ्याशी बसली होती. नातीचे तळवे घासत होती, एकदाही गुरुजींकडं बघत नव्हती. गुरुजी उभेच होते. बसायला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांना ते योग्यच वाटत होतं.

राजनंदिनीनं मुखवटा जरा बाजूला केला. “गुरुजी, दवणा खोटा?”

लगेच उत्तर द्यायचं त्यांच्या जिभेवर आलं, सोपं, एका वाक्याचं. त्यांनी ते गिळलं.

“खोटा न्हाय बाळ. खरा बी अजून न्हाय. सदफताईनं काचेच्या ताटलीत बघितलंय, तिथं बरं दिसलं. माणसात बघितलेलं न्हाय. ते बघायला लई वर्षं लागतील, कदाचित काहीच निघणार न्हाय. तवर पंप. हे मी तुला त्या दिवशीच सांगायला पायजे हुतं. मला ठाऊक हुतं आणि मी सांगितलं न्हाय.”

“का?”

“तू खूश झालीस म्हणून.”

पोरीनं त्यावर विचार केला. मग म्हणाली, “पर पंप देवाला दिलेत. परत घेतले तर देव रागवंल.”

“रागवतोय कशाला,” शालूबाई पहिल्यांदाच बोलली. आवाज फाटलेला होता. “त्येला कुटं दमा हाय? मुखवटा लाव. लाव म्हंते न्हवं.” आणि मग, गुरुजींकडं न बघताच, “अंगठ्याला काय तरी बांधा तुमच्या. रगात गळतंय.”

दिवस कलला तेव्हा गुरुजी घरी आले. रुग्णवाहिका खाली गेली होती. मोना वाटेतच, पायथ्याशी, तिच्यात बसणार होती. माडीवर राजनंदिनीची वही तशीच उघडी होती, शेवटी अर्धवट ‘छा’. गुरुजी त्याच्याकडं बघत बसले. मग त्यांची नजर बाजूच्या गठ्ठ्यावर गेली.

सतरा वह्या अजून उघडल्याच नव्हत्या. ते वाक्य अठरा पोरांनी ऐकलं होतं. अठरा पोरांनी घरी नेलं होतं.

पट्टी बांधलेल्या अंगठ्यानं त्यांनी पुढची वही उघडली. आंबा. त्याखालची. वड. तिसरी आदर्शची होती, वरच्या आळीतल्या केरबाच्या नातवाची. अक्षर कोंबडीच्या पायासारखं, वाचायला वेळ लागला.

“माझ्या गावचं झाड दवणा आहे. माझे आजोबा लई खोकतात. त्यांना धाप लागते. मी गुरुजींचं औषध घरी सांगितलं. आई रोज संध्याकाळी दार लावून त्यांना दवण्याची धुरी देते.”

गुरुजींनी वही मिटली. बाहेर अजून गुलाल उडतच होता, संध्याकाळ झाली होती. त्यांनी उरलेल्या सगळ्या वह्या पिशवीत भरल्या, उपरणं पुन्हा तोंडाला बांधलं आणि वरच्या आळीकडं निघाले. केरबाच्या घराचं दार लावलेलं होतं. चौकटीच्या फटीतून दवण्याचा वास येत होता, धुराबरोबर.

त्यांनी कडी वाजवली. आत कुणीतरी खोकत होतं. त्यांनी पुन्हा वाजवली, जोरात.

“दार उघडा,” ते म्हणाले. “मी आकाराम गुरुजी. मी तुमाला एक चुकीचं सांगितलंय.”